‘ॲडी’चा जन्मदाखला : एक विभाग, एक लष्करी करार आणि माझा परत आलेला सिनॉप्सिस

आज जरा लाज वाटावी अशी गोष्ट सांगते. माझा सिनॉप्सिस पहिल्यांदा आरआरसीसमोर गेला तेव्हा तो परत आला. विषय बरा होता, नमुना निवड ठीक होती, उद्दिष्टं समितीला पटली होती. अडलं ते एका वाक्यावर: ‘ॲडी हे प्रतिमान १९७५ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी विकसित केले.’

समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, “ही १९७५ची कागदपत्रं तुम्ही पाहिलीत?”

“नाही सर. पण सगळे असंच लिहितात.”

“सगळे म्हणजे कोण?”

मी तीन नावं सांगितली. सरांनी तिन्ही लेख चाळायला लावले. पहिल्याने दुसऱ्याचा संदर्भ दिला होता, दुसऱ्याने तिसऱ्याचा, आणि तिसऱ्याने एका कंपनीच्या माहितीपत्रकाचा. मूळ कागद तिघांपैकी कोणीच उघडलेला दिसत नव्हता. सर एवढंच म्हणाले, “तुमचं तिसरं प्रकरण या पाच अक्षरांवर उभं आहे. ती कुठून आली ते आधी बघा, मग या.”

चार महिने गेले. त्या चार महिन्यांत जे सापडलं ते तुम्हाला सांगायचंय. तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट देऊन, कोर्सवर्क संपवून सिनॉप्सिस लिहायला बसले असाल. तुमचा विषय शिक्षणशास्त्र नसेल तरी चालेल. ‘हे कोणी केलं?’ हा प्रश्न प्रत्येक विषयात येतो, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर आपण दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचलतो.

आधी ॲडी म्हणजे काय

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणताही अभ्यासक्रम, प्रशिक्षण किंवा ई-लर्निंगचं मॉड्यूल तयार करताना पाच टप्पे घ्यायचे: ॲनालाइझ, डिझाइन, डेव्हलप, इम्प्लिमेंट, इव्हॅल्युएट. म्हणजे विश्लेषण करा, आराखडा आखा, साहित्य तयार करा, प्रत्यक्ष राबवा आणि मूल्यमापन करा. इंग्रजीतल्या पहिल्या अक्षरांचा शब्द झाला ‘ॲडी’. पुण्यात-मुंबईत ई-लर्निंगच्या कंपनीत नोकरीला लागलात तर पहिल्या आठवड्यात हा शब्द कानावर पडतो. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत तर ‘संशोधकाने ॲडी प्रतिमानाचा वापर केला’ हे वाक्य ठरलेलंच.

ज्या विद्याशाखेत हे शिकवतात तिला कुठे इन्स्ट्रक्शनल सिस्टिम्स म्हणतात, कुठे इन्स्ट्रक्शनल डिझाइन, तर अलीकडे बऱ्याच ठिकाणी लर्निंग डिझाइन अँड टेक्नॉलॉजी. नावं वेगळी, काम एकच: माणसं शिकतील अशी परिस्थिती विचारपूर्वक कशी रचायची, ते शोधणं.

एक जुनी ओळखीची गोष्ट: पंचपदी

ॲडीकडे जाण्याआधी बी.एड. केलेल्यांना एक आठवण करून देते. पाठटाचण लिहिताना आपण ‘हर्बार्टची पंचपदी’ शिकलो. पूर्वतयारी, सादरीकरण, तुलना, सामान्यीकरण, उपयोजन. परीक्षेत पाच गुणांना हमखास.

गंमत अशी की खुद्द हर्बार्टने पाच पदं सांगितलीच नव्हती. त्याने शिकण्याच्या चार अवस्था मांडल्या होत्या: स्पष्टता, साहचर्य, व्यवस्था आणि पद्धती. तो १८४१ साली वारला. पुढे लाइपझिगच्या त्सिलरने पहिल्या अवस्थेचे दोन भाग केले आणि चाराचे पाच झाले. येनाच्या विल्हेल्म राइनने त्या पाचांना शिक्षकाला वर्गात वापरता येतील अशी नावं दिली.

त्सिलर आणि राइन नुसते ग्रंथ लिहिणारे प्राध्यापक नव्हते. दोघेही विद्यापीठात शिक्षक घडवण्याचे वर्ग चालवत होते, सोबत सरावशाळा होती. तिथे रोज कोणीतरी पाठ घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्यावर चर्चा करायची. ‘व्यवस्था’ आणि ‘पद्धती’ असले शब्द घेऊन सोमवारी सकाळी वर्गात उभं राहता येत नाही. पायऱ्या लागतात. त्या पायऱ्या तिथल्या रोजच्या गरजेतून आल्या. त्या काळी जर्मनीत शिकायला गेलेल्या डी गार्मो आणि मॅकमरी बंधूंनी त्या अमेरिकेत नेल्या, आणि फिरत फिरत त्या आपल्या पाठटाचणाच्या वहीत येऊन बसल्या. नाव मात्र हर्बार्टचंच राहिलं.

हे लक्षात ठेवा. वर्ग चालवणाऱ्या माणसांनी एक गोष्ट घडवली आणि श्रेय दुसऱ्याच मोठ्या नावावर गेलं. ॲडीच्या बाबतीत याहून विचित्र घडलं. तिथे श्रेय कोणा माणसाच्या नावावर न जाता एका विद्यापीठाच्या नावावर आणि एका सालावर गेलं.

१९७५चे कागद

ते कागद मिळतात, तेही फुकट. अमेरिकेत ‘एरिक’ नावाचा शिक्षणविषयक कागदपत्रांचा मोठा ऑनलाइन संग्रह आहे, त्यात त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. नाव लांबलचक: ‘इंटरसर्व्हिस प्रोसिजर्स फॉर इन्स्ट्रक्शनल सिस्टिम्स डेव्हलपमेंट’. अनेक खंड आहेत. काम फ्लोरिडा स्टेटच्या सेंटर फॉर एज्युकेशनल टेक्नॉलॉजीचं, करार अमेरिकी लष्कराचा. मुखपृष्ठावर सहा जणांची नावं आहेत: ब्रॅन्सन, रेनर, कॉक्स, फर्मन, किंग आणि हॅनम.

उघडल्यावर पहिला धक्का बसतो तो पाचव्या टप्प्याला. टप्पे पाचच आहेत, पण ते असे: ॲनालाइझ, डिझाइन, डेव्हलप, इम्प्लिमेंट आणि कंट्रोल. मूल्यमापन नव्हे, नियंत्रण. अक्षरं जोडली तर ‘ॲडी’ होतच नाही, ‘ॲडिक’ होतं! आणि असा जोडशब्द त्या खंडांत कुठे वापरलेलाही नाही.

दुसरा धक्का तपशिलाचा. पाच टप्प्यांच्या पोटात १९ पायऱ्या आहेत. एकट्या विश्लेषणाच्या पाच. आधी कामाचं पृथक्करण करायचं, म्हणजे हा माणूस नोकरीवर नेमकं काय काय करतो त्याची यादी. मग त्यातली कोणती कामं शिकवायची ते निवडायचं. मग ते काम जमतंय की नाही हे तपासण्याच्या कसोट्या तयार करायच्या. मग आधीच कुठे तसा अभ्यासक्रम आहे का ते पाहायचं. शेवटी शिकवणं कुठे होईल, वर्गात की कामाच्या जागी, ते ठरवायचं. ‘कंट्रोल’मध्ये मूल्यमापन आहेच, अंतर्गत आणि बाह्य असं दोन प्रकारचं, पण ते पूर्ण व्यवस्था दुरुस्त करण्याच्या कामाचा एक भाग म्हणून.

तिसरी गोष्ट तर याआधीची. अमेरिकी हवाई दलाने १९७० साली याच विषयाची एक नियमपुस्तिका काढली होती आणि तीही पाचच पायऱ्यांची. म्हणजे १९७५ला ‘सुरुवात’ म्हणणंही अवघड.

मग ॲडी आलं कुठून? हा प्रश्न माझ्याआधी एका मोठ्या माणसाला पडला होता. मायकेल मोलेंडा इंडियाना विद्यापीठात याच विषयाच्या विभागात प्राध्यापक होते. त्यांनी कोश पाहिले, विषयाचे इतिहास पाहिले, सहकाऱ्यांना विचारलं, आणि २००३ साली ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट’ या नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. निष्कर्ष असा की ॲडी नावाचं एक मूळ, पूर्ण मांडलेलं, कोणा एका लेखकाचं प्रतिमान नाहीच. ते एक सैल, बोलीतलं नाव आहे, आणि ते तोंडी परंपरेतून रूढ झालं. ते लघुरूप प्रत्यक्ष वापरलेला सगळ्यात जुना मजकूर त्यांना मिळाला तो नव्वदच्या दशकाच्या मध्याचा.

तो लेख वाचून मी आधी सुटकेचा श्वास सोडला. सिनॉप्सिसमधलं वाक्य खोडायचं आणि मोकळं व्हायचं! पण मग वाटलं, ‘तोंडी परंपरा’ म्हणजे कोणाच्या तोंडची? ओवी जात्यावर टिकते, कारण जातं ओढणाऱ्या बायका असतात. ही परंपरा कोणत्या जात्यावर टिकली?

विभाग चालवणारी माणसं

इथून मी प्रतिमानाचा नाद सोडला आणि विभागाचा इतिहास वाचायला घेतला. कोण आलं, कोणी बोलावलं, पैसे कुठून आले, विद्यार्थी कुठे गेले.

फ्लोरिडा स्टेट हे टालाहासी या राजधानीच्या गावातलं विद्यापीठ. साठच्या दशकाच्या अखेरीस तिथे रॉबर्ट मॉर्गन आले. त्याआधी ते वॉशिंग्टनमध्ये संघराज्याच्या शिक्षण कार्यालयात होते. म्हणजे शिक्षण-संशोधनाला सरकारी पैसा कसा मंजूर होतो हे त्यांनी आतून पाहिलेलं. १९६५च्या कायद्यानंतर अमेरिकेत अशा संशोधनाला निधी वाढला होता. मॉर्गन यांचं नाव आपल्या संदर्भसूचीत सहसा दिसत नाही. पण त्यांनी माणसं जमवली.

लेस्ली ब्रिग्ज १९६८मध्ये आले. रॉबर्ट गान्ये १९६९मध्ये आले. वॉल्टर डिक तिथे आधीपासून होते. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ही नावं पुस्तकांवरून माहीत असतील: गान्ये आणि ब्रिग्ज यांचं अध्यापन-आराखड्याच्या तत्त्वांवरचं पुस्तक १९७४चं, डिक आणि लू केरी यांचं १९७८चं. आपण ही पुस्तकं ‘वेगवेगळे सिद्धांत’ म्हणून वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहितो. खरं तर ही एकाच विभागाशी जोडलेली माणसं होती, आणि त्यांचा विषय एकाच वातावरणात वाढला.

गान्ये यांच्याकडे जरा थांबून बघूया. ते मानसशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी हवाई दलाच्या मानसशास्त्र विभागात काम केलं, पुढेही कित्येक वर्षं लष्करी प्रशिक्षणाच्या प्रयोगशाळांत. १९६२ साली त्यांनी ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये एक लेख लिहिला, तो शोधून वाचाच. प्रश्न साधा आहे: प्रयोगशाळेत आपण शिकण्याची तत्त्वं काढली, सराव द्या, प्रतिसाद द्या, बक्षीस द्या. लष्करी प्रशिक्षण सुधारताना ती कितपत उपयोगी पडली? त्यांनी तीन कामं घेतली: विमानातून गोळीबार, रडारचा संच चालू करणं आणि गुंतागुंतीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रातला बिघाड शोधणं. उत्तर आपल्या पेशाला न आवडणारं होतं: ती तत्त्वं फारशी उपयोगी पडली नाहीत. उपयोगी पडलं ते कामाचं पृथक्करण. काम नेमकं काय आहे, त्याचे घटक कोणते, कोणता आधी यायला हवा.

आता १९७५च्या खंडांतला पहिला टप्पा पुन्हा आठवा. कामाची यादी, कामाची निवड, कामाच्या कसोट्या. ‘विश्लेषण’ हा शब्द वर्गातून आलेलाच नाही. त्याच्या मागे रडार दुरुस्त करणारा शिपाई उभा आहे.

आणि लष्कराला हे त्याच वेळी का हवं होतं? १९७३ साली अमेरिकेत सक्तीची लष्करभरती संपली. त्याच वर्षी लष्कराने प्रशिक्षणासाठी ‘ट्रॅडॉक’ ही स्वतंत्र यंत्रणा उभी केली. स्वेच्छेने आलेल्या माणसाला नवं, महागडं यंत्र चालवायला शिकवायचं होतं, आणि शिकवणारे शिक्षणतज्ज्ञ नव्हते, ते सैन्यातलेच लोक होते. त्यांना सिद्धांताचा ग्रंथ देऊन काय उपयोग? कृती लागते, पहिली पायरी, दुसरी पायरी, हा तक्ता भरा. शिवाय सगळ्या दलांना एकच पद्धत हवी होती. ‘इंटरसर्व्हिस’ हा शब्द त्यासाठीच आहे. ब्रॅन्सन आणि सहकाऱ्यांनी नेमकं ते करून दिलं.

मॉर्गन दुसरीकडे दक्षिण कोरियाकडे वळले होते. तिथे १९६८ साली सरकारने माध्यमिक शाळेची प्रवेशपरीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करायची घोषणा केली आणि शाळा गच्च भरायला लागल्या. मॉर्गन यांच्या नेतृत्वाखालच्या गटाने तिथल्या शिक्षणव्यवस्थेचा अभ्यास केला, १९७१मध्ये अहवाल आला आणि १९७२मध्ये कोरियन एज्युकेशनल डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट उभी राहिली. शिपायासाठी वापरलेली ‘सिस्टिम’ची भाषा आता एका देशाच्या शाळांसाठी वापरली जात होती.

जातं सापडलं ते इथे. करार मिळवायचा, त्यातून संशोधन सहायकांच्या जागा निघायच्या, त्या जागांवर विद्यार्थी यायचे. ते विद्यार्थी खंडांच्या कामात शिकायचे, मग पदवी घेऊन दुसऱ्या विद्यापीठात, लष्करात किंवा कंपनीत जायचे, आणि तिथे फळ्यावर पाच चौकोन काढून शिकवायचे. लेखात संदर्भ द्यावा लागतो, फळ्यावर द्यावा लागत नाही. या फळ्यांवरच्या वर्षांत कधीतरी, कुठेतरी ‘कंट्रोल’ जाऊन ‘इव्हॅल्युएट’ आलं असावं, १९ पायऱ्या गळून पाच राहिल्या असाव्यात आणि लक्षात राहावं म्हणून कोणीतरी अक्षरं जोडली असावीत. ही माझी मांडणी आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. प्रबंधातही मी ती तशीच लिहिली आहे.

इंडियानाचा विभाग असा का नव्हता

एकाच विभागावरून निष्कर्ष काढू नये म्हणून मी मोलेंडा यांच्या इंडियानाकडेही पाहिलं. तिथला विभाग वेगळ्या बीजातून वाढला. चाळीसच्या दशकात तिथे एल. सी. लार्सन दृक-श्राव्य केंद्र चालवत होते. या केंद्राचं मोठं काम म्हणजे शाळांना शैक्षणिक फिल्म भाड्याने देणं. फिल्मची पेटी पाठवायची, परत आली की तपासायची, पुन्हा पाठवायची. त्या केंद्राला जोडून पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला. साहजिकच तिथला पहिला प्रश्न होता की चांगलं साहित्य कोणतं आणि ते शिक्षकापर्यंत पोचवायचं कसं.

याच इंडियानातून १९७४ साली ‘फोर-डी’ हे प्रतिमान आलं: डिफाइन, डिझाइन, डेव्हलप आणि डिसेमिनेट. शेवटचा टप्पा बघा: प्रसार. मोठ्या फिल्म वितरणाचा वारसा असलेल्या विद्यापीठात चौथा टप्पा ‘प्रसार’ असणं आणि लष्करासाठी लिहिलेल्या खंडांत पाचवा टप्पा ‘नियंत्रण’ असणं, यातून एकदम कार्यकारण जोडायचा मोह होतो. मी तो आवरला, तुम्हीही आवरा. ते पुस्तक विशेष गरजा असलेल्या मुलांचे शिक्षक घडवण्याविषयीचं होतं, प्रसाराचं तेही कारण असू शकतं. पण प्रश्न विचारण्यासारखा नक्की आहे.

आणि एक आनंदाची गोष्ट. ‘फोर-डी’च्या तीन लेखकांत पहिलं नाव शिवशैलम थियागराजन यांचं आहे, मूळचे चेन्नईचे. इंडोनेशियातल्या शिक्षणशास्त्राच्या प्रबंधांत या प्रतिमानाचा ढीगभर वापर होतो. इथे लेखक आहेत, साल आहे, पुस्तक आहे. म्हणजे प्रतिमानाला लेखक असू शकतो. ॲडीला नाही, आणि त्या नसण्याला कारणं आहेत.

यातून माझ्या कामात काय बदललं

‘एवढा इतिहास उकरून प्रबंधाला काय फायदा?’ असं माझ्या मैत्रिणीनेही विचारलं होतं. सांगते.

माझा विषय जिल्हा परिषदेच्या दोन-शिक्षकी शाळांतल्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण मॉड्यूल. पहिल्या सिनॉप्सिसमध्ये माझं ‘विश्लेषण’ म्हणजे एक गूगल फॉर्म होता: तुम्हाला कशाचं प्रशिक्षण हवं आहे? बहुतेकांनी डिजिटल साहित्य बनवण्यावर खूण केली. मी त्यावर मॉड्यूल आखून मोकळी झाले होते.

१९७५चे खंड वाचल्यावर कळलं की विश्लेषण म्हणजे माणसाला मत विचारणं नव्हे. तो काम करत असताना बघणं. मग मी पाच शाळांत जाऊन बसले. एका गुरुजींकडे पहिली आणि दुसरी एकाच खोलीत. त्यांचा दिवस ज्यात जात होता ते काम कोणत्याच फॉर्ममध्ये नव्हतं: एका वर्गाला कामाला लावून दुसऱ्याला शिकवणं, आणि कामाला लावलेला वर्ग आठव्या मिनिटाला गोंगाट करायला लागला की काय करायचं. माझं मॉड्यूल आता त्यावर आहे. गूगल फॉर्मवर विसंबून राहिले असते तर ज्यांना वेळच नाही अशा शिक्षकांना मी व्हिडिओ एडिटिंग शिकवलं असतं.

याची दुसरी बाजूही आहे. शिपायाच्या कामाची यादी करता येते, शिक्षकाच्या कामाची पूर्ण यादी होत नाही. मूल रडत आलं तर गुरुजी काय करतात ही कोणत्या तक्त्यातली पायरी? आणि ‘कंट्रोल’ हा शब्द शाळेत आणला की शिक्षकाला तपासणीची आठवण येते. या प्रतिमानाची मर्यादा मी आधी ‘ते रेषीय आहे’ अशी लिहिली होती, कारण सगळे तसं लिहितात. आता मी लिहिलंय की ते ज्या कामासाठी घडलं ते काम आणि शिक्षकाचं काम यांत कुठे फरक पडतो. हा परिच्छेद माझा स्वतःचा आहे.

तुम्ही हे कसं करू शकता

तुमच्या प्रबंधाचा पाया असलेलं एखादं प्रतिमान किंवा संज्ञा घ्या आणि पाच प्रश्न विचारा.

१. मूळ कागद मी स्वतः पाहिलाय का? तो बहुतेक वेळा मिळतो. फक्त पहिल्या पानावर सापडत नाही.

२. तो कोणत्या विभागात किंवा केंद्रात तयार झाला, आणि तेव्हा ते कोण चालवत होतं? प्रमुख, प्रकल्प संचालक, सहलेखक सगळे बघा. मुखपृष्ठावरची पाचवी-सहावी नावंही बघा.

३. पैसे कोणी दिले आणि त्यांना काय हवं होतं? करार म्हणजे लगेच कट नव्हे. पण ज्याने प्रश्न विचारला त्याचा ठसा उत्तरावर असतो.

४. तिथे शिकलेले विद्यार्थी पुढे कुठे गेले? कल्पना माणसांसोबत प्रवास करतात.

५. मूळ कागद आणि आजची आवृत्ती यांत कोणता शब्द बदलला? मला ‘कंट्रोल’ सापडला. तुम्हाला दुसरं काही सापडेल.

हाच दुसरा प्रश्न स्वतःसाठी विभाग निवडतानाही विचारा. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा आंतरविद्याशाखीय पीएच.डी. कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. तो उभा करणाऱ्यांत श्रीधर अय्यर संगणकशास्त्रातले, सहना मूर्ती भौतिकशास्त्रातून शिक्षण-संशोधनाकडे आलेल्या. तिथल्या कामात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची विचारकौशल्यं आणि महाविद्यालयीन शिक्षकांचं प्रशिक्षण हे विषय ठळक दिसतात ते उगाच नाही. एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातही शैक्षणिक तंत्रज्ञानाचा विभाग आहे. नावं जवळपास सारखीच, घडण वेगळी. अर्ज भरण्याआधी विभागाच्या पानावर नुसता अभ्यासक्रम वाचू नका. तिथली माणसं कोणत्या विषयातून आली, गेल्या दहा वर्षांतल्या प्रबंधांचे विषय काय आहेत, ते वाचा. तुमचा प्रश्न तिथे कोणाला ‘प्रश्न’ वाटेल का, ते त्यातून कळतं.

सरावासाठी एक गृहपाठ देते. ‘माणूस वाचलेलं १० टक्के लक्षात ठेवतो, ऐकलेलं २० टक्के...’ हा तक्ता तुम्ही कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात पाहिला असेल, खाली एडगर डेल यांच्या ‘अनुभवाच्या शंकू’चं नाव. डेल ओहायो स्टेटमध्ये प्राध्यापक होते आणि शंकू त्यांच्या १९४६च्या पुस्तकात आहे. ते पुस्तक शोधा आणि त्या शंकूत एकही आकडा आहे का ते बघा. उत्तर मी सांगत नाही. तुमच्या गाईडना सांगा.

राहता राहिला माझा सिनॉप्सिस. दुसऱ्या वेळी तेच सर समितीत होते. जुन्या वाक्याच्या जागी आता दीड पान होतं. त्यांनी ते वाचलं, ‘कंट्रोल’ या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, “हे तुम्ही स्वतः पाहिलंत?”

“हो सर.”

“ठीक आहे. पुढे चला,” म्हणाले, आणि आम्ही नमुना निवडीकडे वळलो.